पावसाळ्यात काडतूस चेंबरमध्ये बसत नाही: दोष काडतुसाचा की बंदुकीचा?

दरवर्षी मृगाचा पाऊस लागला की तोच प्रश्न येतो. मे महिन्यात बंदूक व्यवस्थित चालत होती, आता काडतूस बरंचसं आत जातं आणि शेवटचं बोटभर बाहेर राहतं. कुणाचं काडतूस पूर्ण आत जातं, पण बंदूक मिटत नाही. कुणाचा बार निघतो, पण रिकामं नळकांडं चेंबरला असं चिकटून बसतं की सुरीच्या टोकाने उचकटावं लागतं. रत्नागिरी घ्या नाहीतर सिंधुदुर्ग, बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) जुन्या बंदुकीला हे कधी ना कधी होतंच. त्यावर वाडीत मिळणारा सल्ला ठरलेला: जोर लाव, नाहीतर कानस मार. दोन्ही चुकीचे, आणि दुसरा तर धोक्याचा.

हे लिहितोय ते मधून उघडणाऱ्या एकनळी-दुनळी बंदुकांबद्दल. ठासणीच्या बंदुकीला काडतुसाचं चेंबरच नसतं, तिची दुखणी वेगळी. रायफलवाल्यांसाठीही पुढे थोडं आहे. परवाना चालू आहे आणि काडतुसं परवान्यावर नोंद करून दुकानातून घेतलेली आहेत, हे गृहीत धरलंय. शिवाय शेतात शिरलेलं डुक्कर आवाजाने पळवणं वेगळं आणि मारणं वेगळं. मारायचं तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते. हे एकदा सांगितलं, आता मूळ दुखण्याकडे.

नेमकं कुठे अडतंय

चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतुसासाठी कोरलेलं घर. बारा बोअरची नळी आतून साधारण १८.५ मिलिमीटर असते, चेंबर त्याहून रुंद, बुडाशी साधारण साडेवीस मिलिमीटर. सगळ्यात मागे काडतुसाची रिम, म्हणजे बुडाची बाहेर आलेली कड, बसायला गोल खाच असते. रिमचा व्यास साडेबावीसच्या आसपास. पुढच्या टोकाला चेंबर निमुळतं होत नळीला मिळतं. म्हणजे काडतूस अडायला जागा तीनच: मागची खाच, मधलं अंग आणि पुढचा निमुळता भाग. कारणं पुष्कळ असली तरी ती सगळी या तीनपैकी एका ठिकाणी येऊन अडतात, त्यामुळे जागा सापडली की कारण शोधायला वेळ लागत नाही.

हा सगळा खेळ मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागाचा आहे. काडतूस कारखान्यात ठरल्या मापाहून मोठं होऊ नये असं बनवतात आणि चेंबर ठरल्या मापाहून लहान होऊ नये असं कोरतात. दोघांच्या मध्ये उरते ती फट. कुठल्या बंदुकीत ती ऐसपैस असते, कुठल्या बंदुकीत जेमतेम. शेजाऱ्याच्या बंदुकीत सहज गेलेलं काडतूस तुमच्या बंदुकीत अडतं ते यामुळे. त्यात काडतूस खोटं असतं असंही नाही आणि बंदूक बिघडलेली असते असंही नाही. पावसाळ्यात आपल्या घराचं दार चौकटीत अडतं तेव्हा आपण चौकट तासत नाही, तसंच हे.

नळी उतरवून तपासणी

पहिली गोष्ट, जिवंत काडतूस घेऊन पूर्ण जोडलेल्या बंदुकीत पुन्हा पुन्हा बसवून बघू नका. बंदूक उघडा, दोन्ही चेंबरं रिकामी असल्याची खात्री करा, नळीतून उजेडाकडे आरपार बघा, मग पुढची लाकडी मूठ काढून नळी दस्त्यापासून वेगळी करा. बहुतेक एकनळी-दुनळीत हे हत्याराशिवाय होतं. आता नळी हातात आहे. चाप, घोडा आणि टोपीवर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावरची, दारू पेटवणारी टिकली) आदळणारी पिन मागे राहिलेल्या भागात आहेत. तो भाग दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. तपासणी ओसरीवर उजेडात करा, पोरांना लांब ठेवा, चूल-विडी जवळ नको.

नळी उभी धरा, चेंबर वर, आणि काडतूस बोटाने न दाबता नुसतं सोडा. चांगलं काडतूस आपल्या वजनाने आत उतरतं आणि रिम खाचेत टेकताना स्पष्ट ‘टक’ असा आवाज येतो. मग खाली मऊ कापड धरून नळी हळूच उलटी करा. काडतूस आपसूक बाहेर यायला हवं. आवाज दबका आला, किंवा नळी उलटी केल्यावर काडतूस आतच राहिलं, तर कुठेतरी घासतंय.

एका काडतुसावरून निष्कर्ष काढू नका. त्याच खोक्यातली चार-पाच टाकून बघा, मग दुसऱ्या खोक्यातली. दुनळी असेल तर तेच काडतूस दोन्ही चेंबरांत टाकून बघा. एखाद-दुसरंच अडत असेल तर दोष त्या काडतुसाचा. एका खोक्यातली सगळी अडतात आणि दुसऱ्यातली सगळी उतरतात, तर खोकं बाजूला ठेवा. सगळ्या खोक्यांतली एकाच चेंबरमध्ये अडतात आणि दुसऱ्या चेंबरमध्ये नाही, तर काडतुसांना दोष देण्यात अर्थ नाही, चेंबर बघा. इतकी साधी अदलाबदल केली तरी निम्म्या लोकांचा प्रश्न तिथेच सुटतो. लोक मात्र ती सोडून बाकी सगळं करतात.

आता अडलेली नेमकी जागा. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा निळा किंवा काळा पर्मनंट मार्कर घ्या. अडणाऱ्या काडतुसाच्या पितळी बुडावर, पितळ संपतं तिथे, नळकांड्याच्या मध्यावर आणि तोंडाशी अशा पट्ट्या रंगवा आणि मिनिटभर वाळू द्या. काडतूस उतरवा, अगदी हलक्या बोटाने पाव फेरा फिरवा, बाहेर काढा. रंग जिथे खरवडला गेला ती जागा. टोपीला रंग लावू नका आणि टोपीवर दाबून ढकलू नका. ढकलायचं तर रिमच्या कडेला, बोटानेच.

रंग पितळेवरून गेला असेल तर बूड जाड झालंय किंवा चेंबरच्या मागच्या भागात गंज आहे. पितळ संपतं त्याच्या जरा पुढे गेला असेल तर बहुधा नळकांडं फुगलंय. तोंडाशी गेला असेल तर चेंबरच्या पुढच्या टोकाला घाण बसलीय, नाहीतर छर्रे आत ठेवण्यासाठी दुमडलेली तोंडाची घडी उसवलीय. रंग कुठेच गेला नाही, काडतूस मोकळं उतरतंय, तरीही जोडल्यावर बंदूक मिटत नाही, तर भानगड खाचेत किंवा एक्स्ट्रॅक्टरखाली (काडतूस बाहेर ढकलणाऱ्या पत्र्याखाली) आहे.

फुगलेलं काडतूस

जुन्या कागदी नळकांड्याची काडतुसं अजून पुष्कळ घरांत निघतात. वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळातली, मेण पुसट झालेली. कागद दमट हवेत पाणी ओढतो आणि फुगतो. पितळेने आवळलेला भाग तसाच राहतो, वरचा भाग जाड होतो, म्हणून पट्टी हमखास पितळेच्या वरच्या कडेपुढेच खरवडते. व्हर्निअर कॅलिपर असेल तर पितळेवर आणि त्याच्या जरा वर असं दोन्हीकडे मोजून बघा. निरोगी काडतूस बुडापासून तोंडाकडे किंचित निमुळतं असतं. मधे जाडी वाढलेली दिसली की समजायचं.

फुगलेलं काडतूस वाळवून परत वापरता येईल का, हा ठरलेला प्रश्न. नाही. उन्हात, चुलीपाशी, गरम तव्याजवळ, भाताच्या कणगीत, कुठेच वाळवायचं नाही. कागद कदाचित आकसेल, पण ओलावा आत दारूपर्यंत आणि टोपीपर्यंत गेलेला असतो. असं काडतूस कधी वाजतच नाही, कधी पिन आदळल्यावर जरा थांबून वाजतं. कधी अर्धवट वाजून दट्ट्या (दारू आणि छर्रे यांच्यामधलं बूच) नळीतच ठेवून जातं, आणि त्याच्यामागे दुसरा बार काढला की नळी फाटते. एका काडतुसासाठी हे करायचं नाही.

प्लास्टिकचं नळकांडं पाणी पीत नाही, म्हणून लोक त्यावर निर्धास्त असतात. पण त्याचं ‘पितळी’ बूड पुष्कळदा पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड असतं. चुंबक लावून बघा, चिकटलं तर लोखंड. खारी हवा मुलाम्याच्या बारीक चिरेतून आत शिरते आणि खालून गंज वर येतो. सुरुवातीला रिमच्या आतल्या कोनात तांबूस ठिपके दिसतात, पुढे पापुद्रा सुटतो. तो पापुद्रा जाडीला इतका थोडा असतो की बोटाला कळणार नाही, पण जेमतेम फट असलेल्या चेंबरला लगेच कळतो. मार्करची पट्टी पितळेवरच खरवडली की काडतूस उजेडात फिरवून हे ठिपके शोधा.

गंज पॉलिश पेपरने काढून काडतूस घालावं का? वाडीतल्या एका बागायतदाराने हेच विचारलं होतं, “काका, जरासा घासून घेतला तर काय होताला? आत तर जाताला.” आत जाईल रे, पण बाहेर कसं येईल? बार निघताना दारूच्या वायूचा सगळा दाब चेंबरच्या भिंतीवर येतो. बूड त्या भिंतीला टेकून टिकतं. घासून पातळ केलेलं बूड सगळ्या बाजूंनी सारखं पातळ होत नाही. जिथे जास्त गेलं तिथून ते फाटू शकतं आणि वायू मागे, तुमच्या तोंडाकडे येऊ शकतो.

चेंबरमधला गंज आणि मळ

आपल्या किनाऱ्यावर पावसापेक्षा मीठ वाईट. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटतं, आणि जुलैत आपल्याकडे ती दिवसचे दिवस त्याच्या वर असते. म्हणजे वैशाखात समुद्रावरून आलेला, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा खारा थर चेंबरमध्ये कोरडा पडून असतो आणि आषाढात तो ओला होऊन काम सुरू करतो. मेमध्ये चाललेली बंदूक जुलैत अडते त्याचं हे दुसरं कारण. खाडीकाठच्या किंवा देवगड-वेंगुर्ल्याकडच्या अगदी दर्यालगतच्या घरांत हे लवकर होतं, घाटाच्या पायथ्याला उशिरा.

चेंबर बघायची पद्धत अशी. नळी उतरवा, पुढच्या तोंडाशी पांढरा कागद धरा आणि मागून टॉर्चचा उजेड तिरका टाका. चांगलं चेंबर आरशासारखं चकचकीत दिसतं. गंज असेल तर चॉकलेटी पट्टा दिसतो, बहुधा खालच्या अंगाला, कारण बंदूक आडवी ठेवल्यावर तेल-पाणी तिथे उतरतं. मग काडीला कापूस गुंडाळून आत हलकेच फिरवा. कापसाचे तंतू एकाच जागी अडकून राहिले तर तिथे खड्डे पडलेत. वाजलेल्या रिकाम्या नळकांड्यांवरही बघा: पितळेवर लांबीला उभे ओरखडे असतील आणि ते प्रत्येक नळकांड्यावर एकाच ठिकाणी येत असतील, तर ते त्याच खड्ड्यांचे ठसे. रिकामं नळकांडं चिकटून बसतं ते यामुळेच. दाबाने ते भिंतीला टेकतं, खड्ड्यात शिरतं, आणि तिथून सुटताना घासतं. लोखंडी बूड पितळेइतकं चटकन आकसत नाही, म्हणून तीच बंदूक एका प्रकारच्या काडतुसाला सोडते आणि दुसऱ्याला धरते.

गंज नसतानाही चेंबर अडू शकतं. प्लास्टिकचं नळकांडं आणि दट्ट्या बार निघताना चेंबरच्या पुढच्या टोकाला पातळ प्लास्टिक घासून ठेवतात, त्यावर दारूची काजळी बसते, त्यावर आपलं तेल, आणि वर्षभरात कडक कडं तयार होतं. मार्कर तोंडाशी खरवडला की हेच बघायचं. फॉस्फर ब्राँझचा बारा बोअरचा ब्रश बंदुकीच्या दुकानात मिळतो. त्याला बंदूक साफ करायचं द्रावण लावून, चेंबरकडून आत घालून, गोल फिरवून साफ करा, मग कोरडं कापड, मग तेलाचा अगदी पुसट हात. स्टीलचा काथ्या, एमरी पेपर, ड्रिलला लावलेला ब्रश यातलं काही नको. चेंबर रुंद झालं की परत अरुंद होत नाही, आणि रुंद चेंबरमध्ये नळकांडी फाटतात. खोल खड्डे असतील तर परवानाधारक कारागिराकडेच. १९५९च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो, तेव्हा गॅरेजवाला कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे नाही.

तेलाबद्दल दोन शब्द. खोबरेल लावू नका. घरात मुबलक असतं म्हणून पूर्वीपासून लावत आलेत, पण ते २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं, जुनं झालं की खवट आणि चिकट होतं, आणि त्या चिकट्यात धूळ, कुसळं, मुंग्या सगळं अडकतं. शिलाई मशीनचं तेल त्यापेक्षा कितीतरी बरं, बंदुकीचं मिळालं तर उत्तम. आणि बार काढण्याआधी चेंबर व नळी कोरड्या कापडाने पुसून तेल काढून टाकायचं.

निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली तर देण्याआधी चेंबरला आणि नळीला जरा सढळ तेल द्या. परत आली की काडतूस घालण्याआधी पूर्ण उतरवून साफ करा. महिना-दोन महिने न पुसलेली बंदूक कुठेही गंजते, आपल्या फडताळात ठेवली तरी.

काडतूस मोकळं, पण बंदूक मिटत नाही

इथे बहुतेकदा उत्तर एक्स्ट्रॅक्टरखाली असतं. एक्स्ट्रॅक्टर म्हणजे उघडताना काडतूस जरा बाहेर ढकलणारा मागचा पत्रा. बंदूक मिटताना तो नळीच्या पाठीशी सपाट बसला पाहिजे. त्याच्या बैठकीत जळक्या दारूचा एक कण, भाताचं कुसळ किंवा प्लास्टिकचा तुकडा गेला की तो केसभर वर राहतो, आणि तेवढ्याने खटका पूर्ण वळत नाही. नळी उतरवून एक्स्ट्रॅक्टर बोटाने बाहेर ओढून धरा आणि खालची जागा जुन्या टूथब्रशने घासा. स्क्रू खोलायची गरज नाही. रिमची खाचही तशीच, तिच्या कोनात काजळी साचते. बांबूची टोकदार काडी पुरते.

सगळं स्वच्छ आहे आणि तरीही बंदूक मिटत नाही, तर रिमची जाडी बघा, काही काडतुसांची रिम जाड निघते. दुसरं खोकं घ्या. उलटही होतं: रिम पातळ किंवा खाच झिजून खोल झाली की काडतूस आत सैल बसतं, पिन टोपीवर नीट आदळत नाही, बार चुकतो. वाजलेल्या काडतुसाची टोपी बुडाच्या वर उचललेली दिसायला लागली तर ही खूण. हे घरी दुरुस्त होत नाही. नळी आणि दस्ता जोडल्यावर हलवून खडखड वाजत असेल तर तेही कारागिराकडे.

पासष्ट की सत्तर

आता अशी चूक, जिच्यात काडतूस अडत नाही, आणि म्हणूनच ती जास्त वाईट. बारा बोअरची चेंबरं मुख्यतः ६५ आणि ७० मिलिमीटर लांबीची असतात. जुन्या इंग्रजी बंदुकांवर नळीच्या बुडाखाली, मूठ काढल्यावर दिसतील असे ६५ किंवा अडीच इंच असे ठसे असतात. काडतुसाच्या खोक्यावर छापलेली लांबी ही बार निघून तोंड उलगडल्यानंतरची असते. न वाजलेलं सत्तरचं काडतूस, तोंडाची घडी घातलेली असल्यामुळे, जेमतेम साठ मिलिमीटरच्या आसपास भरतं. म्हणून ते पासष्टच्या चेंबरमध्ये टक् आवाज करत बसतं, बंदूकही मिटते. बार निघताना तोंड उलगडायला पुढे जागा नसते, ते निमुळत्या भागात घुसतं, छर्र्यांची वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. खांद्याला नेहमीपेक्षा जोरात धक्का बसत असेल, रिकाम्या नळकांड्याचं तोंड झालरीसारखं फाटून येत असेल, तर खोक्यावरचा आकडा आणि नळीवरचा ठसा ताडून बघा.

ठसा नसेल किंवा पुसला गेला असेल तर टॉर्चच्या उजेडात चेंबर संपल्याची गोल रेघ दिसते. व्हर्निअरच्या मागच्या पट्टीने तिथपर्यंतची खोली अंदाजे कळते. खात्रीचं माप कारागिराकडच्या गेजनेच. तोवर पासष्टचंच वापरा. पासष्टचं काडतूस सत्तरच्या चेंबरमध्ये चालतं.

नळीवर लाकडाच्या वलयांसारखी नागमोडी नक्षी असेल तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या वळून केलेली जुनी नळी आहे. अशा बहुतेक नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या. काडतूस कितीही छान बसलं तरी आजची काडतुसं त्यात घालू नका. भिंतीवर शोभते.

आणि वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या घरात ठेवूच नका. त्याची रिम साधारण १९.४ मिलिमीटर, म्हणजे बाराच्या चेंबरमधून घसरून पुढे जाते आणि साडेअठराच्या नळीच्या तोंडाशी अडकते. मागून बघणाऱ्याला चेंबर रिकामं वाटतं, तो बाराचं काडतूस घालतो, तेही नीट बसतं. पुढे काय होतं ते सांगायला नको. ही गफलत होऊ नये म्हणून वीसची काडतुसं पिवळ्या रंगात बनवायची पद्धत आहे, पण रात्री बॅटरीच्या उजेडात, घाईत, रंग कुणी बघत नाही.

गावात भरलेली काडतुसं

ही आडून विकली जातात हे सगळ्यांना माहीत आहे. परवान्याशिवाय काडतूस भरणं शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली येतं, ती बाजू आहेच. पण ती चेंबरमध्ये का बसत नाहीत हे समजून घेण्यासारखं आहे. वाजलेलं काडतूस ज्या चेंबरमध्ये वाजलं त्याचा आकार घेतं. ऐसपैस चेंबरच्या बंदुकीत वाजलेलं नळकांडं तेवढं फुगून बाहेर येतं, आणि तेच परत भरून जेमतेम फटीच्या बंदुकीत घातलं की अडतं. विकणाऱ्याला ते कुठल्या बंदुकीत वाजलेलं होतं ते ठाऊक नसतं. आत किती आणि कुठली दारू आहे, हेही तुम्हाला ठाऊक नसतं, हे त्याहून वाईट.

रायफलचं तत्त्व तेच, फक्त अधिक काटेकोर. आपल्याकडे परवान्यावर मिळणाऱ्या .३१५ रायफलच्या काडतुसालाही रिम असते, आणि काडतूस चेंबरमध्ये किती मागे-पुढे बसतं हे रिमवर ठरतं. ज्या देशांत हाताने काडतूस भरणं कायदेशीर आहे, तिथले लोक वाजलेली पितळी नळकांडी पोलादी साच्यातून दाबून मापावर आणतात. काही जण फक्त मानेचा भाग दाबतात, म्हणजे बाकीचं अंग आपल्याच चेंबरच्या आकाराचं राहतं आणि नेम सुधारतो. पण असं काडतूस दुसऱ्या रायफलमध्ये जाईलच असं नाही. म्हणून ते आपापल्या रायफलची नळकांडी वेगळ्या डब्यांत ठेवतात. आपल्याला त्यातलं घेण्यासारखं एवढंच, की प्रत्येक बंदुकीची काडतुसं वेगळी ठेवा. घरात दोन बंदुका असतील तर डब्यावर मार्करने लिहा.

अडकलेलं काढताना

वाजलेलं रिकामं नळकांडं अडकलं तर आधी पक्कं करा की ते वाजलेलंच आहे. नळी उतरवा, पुढून उजेडात बघा, तोंड उलगडलेलं आणि आत पोकळ दिसायला हवं. मग नळीत पुढून जाईल अशी लाकडी गोल काठी घालून हलक्या हाताने ठोका. लोखंडी सळई नको. मागून स्क्रूड्रायव्हरने रिम उचकटू नका, एक्स्ट्रॅक्टर वाकतो.

जिवंत काडतूस अडकलं तर पुढून काहीही घालायचं नाही. चाप ओढल्यावर वाजलंच नाही, तर बंदूक तशीच, तोंड मोकळ्या सुरक्षित दिशेला धरून, निदान मिनिटभर थांबा, मगच उघडा. उशिरा वाजणारं काडतूस असू शकतं. उघडल्यावर बोटाच्या ओढीने सुटलं तर ठीक. नाही सुटलं तर बंदूक तशीच जपून ठेवा आणि कारागिराला किंवा दुकानदाराला आधी फोन करा. जिवंत काडतूस आत असलेली बंदूक घेऊन एसटीत चढू नका.

ठेवायचं कुठे

चुलीवरच्या माळ्यावर कोरडं असतं हे खरं, पण उष्णतेने दारू खराब होते. न्हाणीघराला लागून असलेली भिंत, शेणाने सारवलेली जमीन, मिठाच्या आणि खताच्या गोणींची खोली, ही सगळी टाळा. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात काडतुसं खोक्यासकट ठेवा आणि सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणारी मिळाली तर बरं, ओल पिऊन झाली की निळ्याची गुलाबी होते. काडतुसांपासून लांब, वेगळी तापवली की परत निळी. डबा उघडायचा तो उन्हाच्या दिवशी, पाऊस कोसळत असताना नाही. काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवायची सवय सोडा, चामडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांनी आणि ओलीने पितळ हिरवं पडतं. खोक्यावर खरेदीचा महिना लिहा आणि जुनं आधी वापरा.

बाजूला काढलेली फुगकी, गंजकी काडतुसं विहिरीत, खाडीत किंवा होळीत टाकू नका, आणि फोडून दारू काढायच्या भानगडीत पडू नका. वेगळ्या डब्यात ‘खराब’ लिहून ठेवा, आणि ती कशी जमा करायची हे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराला विचारा. जमा केल्याची पोच घ्यायला विसरू नका. परवान्यावर घेतलेल्या आणि हातातल्या काडतुसांचा हिशोब नूतनीकरणाच्या वेळी विचारला जाऊ शकतो.